घोड्याचं तोंड कुणीकडे

"मांगं! मांगं कर त्याचं तोंड! पोट्टे, ऐकू येऊन राह्यलं का तुले? घोड्याचं तोंड मांगं!"

हे बाबा. रणगाड्याच्या उजव्या बाजूला उभे राहून ओरडत होते आणि त्यांचा आवाज असा, की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट दारव्ह्याला जाऊन बसली, दोन दिवस परतली नाहीत.

"समोर! समोर काढजो बेबी! घोडं काय पयून राह्यलं का लढाईतून? नाक कटवतं का गावाचं?"

हे सरपंच. डाव्या बाजूला. त्यांचा आवाज बाबांच्या निम्मा, पण त्यांच्या मागे अख्खी ग्रामपंचायत उभी होती, त्यामुळे हिशेब बरोबरीचा झाला. आणि मी, सोळा वर्षांची, मायच्या जुन्या लुगड्याचा कासोटा मारून रणगाड्याच्या फिरत्या डोक्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसलेली. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि कोपरापर्यंत रंगाचा ओघळ. खाली माणसं किती? त्या दिवशी गावात जेवढी होती त्याच्या दुप्पट. ही मोजणी माझी आहे; मायच्या मते तीस-चाळीस असतील. माय माझ्या प्रत्येक गोष्टीतून निम्मं काढून टाकायची. तेव्हा वाचणाऱ्यानं पुढचं सगळं वाचताना आपापल्या जबाबदारीवर तेवढं कापून घ्यावं.

तर हा घोडा. तो समजायचा तर आधी बाबा समजले पाहिजेत. बाबा एका रणगाडा रेजिमेंटमधून दफेदार म्हणून निवृत्त होऊन आले होते. रेजिमेंटचं नाव सांगत नाही, गावाचंही सांगत नाही. दोन्हीकडचे लोक अजून धडधाकट आहेत. ही रेजिमेंट कधी काळी घोड्यांची होती, रिसाला म्हणायचे तिला. मग घोडे गेले आणि रणगाडे आले, पण नावं तीच राहिली. आजही रणगाड्यातल्या साध्या शिपायाला सवार म्हणतात, त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. हे बाबांनी गावाला किती वेळा सांगितलं असेल! पण गावाचा प्रश्न एकच: "सवार हायेस तर घोडा कुठी हाये तुहा?" आणि मग हसणं. बाबांना चिडवायचं झालं की पारावरून कुणीतरी तोंडानं टापांचा आवाज काढायचा. टपटप, टपटप. बाबा सायकलवरून जात असले तरी मान ताठ ठेवायचे आणि सायकलीला टाच मारायचे.

घरात मात्र त्यांनी रणगाडा बसवला होता. रणगाड्यात चार माणसं असतात, असं ते सांगायचे: हुकूम देणारा कमांडर, नेम धरणारा गनर, तोफेत गोळा भरणारा लोडर आणि चालवणारा ड्रायव्हर. आमच्या घरात माणसं तीन, म्हणून ड्रायव्हरच्या जागी म्हैस धरली होती. बाबा कमांडर, मी गनर, माय लोडर. सकाळी चुलीपुढे बसून बाबा हुकूम सोडायचे, "लोड!" आणि मायनं गरम ज्वारीची भाकरी त्यांच्या ताटात टाकायची. अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, बाजूला ठेचा. "फायर!" म्हणून ते पहिला घास घ्यायचे आणि ठेच्यानं खरोखरच त्यांच्या कानांतून धूर निघायचा, मी पाहिला आहे. तिसऱ्या भाकरीच्या वेळी बाबा "लोड" म्हणाले की माय परात उपडी करून म्हणायची, "गोळे सरले जी. कमांडरनं आता म्हशीले पाणी पाजावं." आणि कमांडर उठून म्हशीला पाणी पाजायला जायचे. प्रत्यक्ष फौजेत बाबा वीस वर्षं लोडर होते, हे मला फार उशिरा कळलं. मायला लग्नापासून ठाऊक होतं.

बाबांच्या काळ्या टोपीवर एक पितळी बिल्ला होता. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन भाले आणि त्यांच्यावर घोड्याची मान, डावीकडे तोंड केलेली. सणासुदीला माय पाण्याच्या पितळी गुंडासोबत तो चिंचेनं घासायची आणि बाबा शेजारी उभे राहायचे, जसं काही तिच्या हातात तान्हं बाळ आहे. "हळू व, भाल्याची टोकं झिजतीन." वर्षातून एकदा रेजिमेंटचा दिवस यायचा. त्या दिवशी पूर्वीचे सवार घोड्यापुढे चणे आणि गूळ ठेवायचे. घोडे गेल्यावर ते रणगाड्याच्या नाकावर ठेवू लागले. बाबांकडे दोन्ही नव्हतं, म्हणून ते सायकलीच्या हँडलवर चणे-गूळ ठेवून सॅल्यूट मारायचे. चणे मग मी खायची. त्यामुळे त्या रेजिमेंटचं मीठ नाही म्हणता येणार, पण गूळ मीसुद्धा खाल्ला आहे.

आणि त्या घोड्याची गोष्ट! ती बाबा सांगायला लागले की कंदिलाची वातसुद्धा कान टवकारायची. फार जुन्या लढाईत म्हणे रिसाला नदी ओलांडून गेला. पुढं जाणारा एक सवार गोळी लागून पडला. बाकीचे घोडे पुढं निघून गेले, पण त्याचा घोडा थांबला, मागे वळला, आणि धुरातून, गोळ्यांतून परत येऊन आपल्या माणसाजवळ उभा राहिला. सकाळी लोकांनी पाहिलं तर घोडा तसाच, मागे तोंड करून. "त्या दिवसापासून," बाबा म्हणायचे आणि इथे त्यांचा आवाज हमखास चिरकायचा, "आमच्या गाड्यावर घोड्याचं तोंड मांगं असते. बाकी दुनियेचे घोडे समोर पाह्यतात. आमचा मांगं पाह्यते. का आपला कोनी राह्यला तं नाई?"

मी प्रत्येक वेळी रडायची. माय प्रत्येक वेळी विचारायची, "बिल्ल्यावर तं डाव्याकडं पाह्यते." "बिल्ल्याले मांगं-समोर असते का व? बिल्ला टोपीवर असते! गाड्यावर पाह्य!" आणि गाडा पाहायला आमच्या गावात गाडा नव्हता.

तो यावा म्हणून बाबांनी पत्रं लिहिली. फौज आपले म्हातारे झालेले रणगाडे गावांना, शाळांना देते, चौकात उभे करायला. बाबांनी इतकी पत्रं लिहिली की पोस्टमननं आमच्या घराला आपलं दुसरं कार्यालय जाहीर केलं. गाव हसत होतं. सरपंच म्हणाले, "रणगाडा आला तं मी त्याच्या पट्ट्याखाली झोपतो." आणि एक दिवस उत्तर आलं. बाबांच्याच रेजिमेंटचा जुना रणगाडा आमच्या गावाला मिळणार होता! पोळ्याच्या दिवशी स्वतः कर्नलसाहेब येऊन तो गावाच्या हवाली करणार होते. अट एकच: रंग उडाला आहे, तो गावानं द्यावा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना रेजिमेंटचं चिन्ह रेजिमेंटच्या रीतीप्रमाणे काढावं. तसं नसेल तर रणगाडा मागे पाठवावा लागेल. खाली टीप: "रीत दफेदार यांना माहीत आहेच."

बाबांनी ती टीप मला सात वेळा वाचायला लावली. मग पारावर जाऊन आठव्यांदा स्वतः वाचली. त्या दिवसापासून टपटप बंद झालं. पण आता जिवाला दुसराच घोर लागला. चिन्ह चुकलं आणि रणगाडा परत गेला, तर या गावात बाबांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. गाव त्यांचा एकेक शब्द परत काढून म्हणालं असतं, हे खोटं, तेही खोटं. फौजेत होते हेच खोटं.

रणगाडा आला तो दारव्ह्याच्या बाजारच्या दिवशी, लांबलचक गाडीवर लादून. त्या गाडीला चौसष्ट चाकं होती. (बत्तीस. मायनं मोजली होती.) बाजारातली मिरच्यांची पोती बाजूला घ्यावी लागली, काळीपिवळी जीपवाल्यांनी आपापल्या जीपा सवारींसकट उचलून कडेला ठेवल्या, आणि बाबा सगळ्यांच्या पुढे सायकलवर, काळी टोपी घालून, हातानं खुणा करत. आमच्या गावात शिरताना एका घराची पडवी थोडी गेली. घरवाल्यानं तक्रार केली नाही, पुढं वर्षभर तो पाहुण्यांना सांगत होता, "रणगाड्यानं पाडली."

आता रंग. गावातला पेंटर अक्षरं छान काढायचा, पण जनावरं म्हटली की त्याला पोळ्याचे बैल रंगवायची सवय. त्यानं कागदावर घोडा काढून दाखवला, त्याला शिंगं होती. म्हणून काम माझ्याकडे आलं, कारण शाळेच्या भिंतींवर मास्तरांची चित्रं काढल्याबद्दल मी तीन वेळा छड्या खाल्ल्या होत्या आणि तिन्ही वेळा मास्तर ओळखू आले होते. मी वर चढले, भाले काढले, आणि घोड्यापाशी आल्यावर तो गोंधळ उडाला जो आपण वर ऐकलाच. बाबा म्हणत होते तोंड मागे, शेपटाकडे. सरपंच म्हणत होते तोंड पुढे, तोफेकडे. "मिलिटरीचं घोडं मांगं पाहीन तं यवतमाळ जिल्ह्यात हसू होईन आपलं!" गावही सरपंचाकडे झुकलं होतं. बाबा एकटे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आज इतक्या वर्षांनी देते आहे कारण आता कुणी छडी मारणार नाही. मला घोडा एकाच बाजूचा काढता यायचा. उजव्या हातानं काढताना तोंड डावीकडेच जातं. उजवीकडे तोंड केलेला घोडा काढायला गेले की त्याचं हमखास गाढव व्हायचं. माझी नात आता मोबाईलवर बोट फिरवून घोडा उलटा करते आणि म्हणते, "आजी, फ्लिप करायचा ना." बाळे, पांढरा ऑइलपेंट फ्लिप होत नाही.

तर मी रणगाड्याच्या उजव्या अंगाला घोडा काढला. माझा घोडा, डावीकडे तोंडाचा. रणगाड्याच्या उजव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर तोफ उजवीकडे येते आणि शेपूट डावीकडे. म्हणजे घोडा मागे बघत होता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाबास गनर," म्हणाले आणि घरी गेले. मग मी डाव्या अंगाला तोच घोडा काढला. तसाच, डावीकडे तोंडाचा. पण त्या बाजूनं पाहिलं तर तोफच डावीकडे! म्हणजे घोडा पुढे बघत होता. संध्याकाळी सरपंच आपल्या घराकडून आले, पाहून खूष झाले, मला पेढा दिला आणि गेले. बाबांचं घर उजवीकडे, सरपंचाचं डावीकडे. आपलं खरं झालं असं ज्याला वाटतं तो पलीकडे जाऊन बघत नाही, हे मला सोळाव्या वर्षी समजलं, आणि पुढं संसारात फार उपयोगी पडलं. तरी खबरदारी म्हणून मी दोन्ही घोड्यांवर बैलांच्या दोन झुली सोडून दिल्या आणि जाहीर केलं, "रंग अजून कच्चा हाये. साहेब येईपर्यंत कोनी हात लावाचा नाई."

झुली सोडल्या तिथंच खरी गंमत सुरू झाली. पोळा तोंडावर, आणि अंगावर झूल असलेलं एवढं मोठं जनावर शाळेपुढे उभं! रात्रीतून गावानं ते आपलं मानलं. सकाळी पाहते तर तोफेच्या नळीला शिंगाला लावतात तसा हिंगूळ, टोकाला गोंडे, गळ्यात म्हणजे जिथं गळा असावा तिथं घुंगरांचा पट्टा, आणि पट्ट्यांवर हळदीचे पंजे. बाया आरत्या घेऊन आल्या, पाय धुवायचे तर पाय सापडेनात, म्हणून दोन्ही पट्टे पुढून मागपर्यंत धुतले. दुपारी गावातल्या साऱ्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या आणि मानाची जागा रणगाड्याला. कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली:

"लोखंडाचा नंदी आला, पोट त्याचं खोल,
डिझल पेते घागरभर अन् बोलते एकच बोल!"

"हर बोला हर हर महादेव!" असा गजर झाला की बैल बिथरले, आणि नेमक्या त्या धुराळ्यात कर्नलसाहेबांची जीप येऊन थांबली.

साहेब साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, चेहरा इस्त्री केलेला. ते उतरले आणि आपला रणगाडा पाहत उभे राहिले. हिंगूळ, गोंडे, घुंगरं. बाबांनी असा सॅल्यूट मारला की त्या वाऱ्यानं तोरणाची आंब्याची पानं हलली, पण चेहरा राखेसारखा झाला होता. मी मायच्या मागे. पोटात घोडे. दोन्ही बाजूंचे.

"चिन्ह?" साहेबांनी विचारलं.

बाबा त्यांना उजवीकडे घेऊन गेले आणि झूल उचलली. घोडा मागे बघत होता. साहेबांनी मान हलवली. "बरोबर."

बाबा चार बोटं उंच झाले. मागून सरपंच कळवळून म्हणाले, "साहेब, आमी तं समोर काढाले सांगतलं होतं जी! ह्या दफेदारानं—" आणि साहेब चालत चालत डाव्या बाजूला गेले. त्यांनी स्वतः झूल उचलली. घोडा पुढे बघत होता.

एका बैलानं शेपूट हलवली तर ती ऐकू आली. बाबांनी त्या घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. सरपंच हर्षानं ओरडायच्या बेतात होते, पण नक्की कशाचा हर्ष करायचा ते त्यांना कळेना.

साहेबांनी दोन पावलं मागे घेतली. पुन्हा उजवीकडे जाऊन आले. पुन्हा डावीकडे. आणि म्हणाले, "उत्तम. डावीकडे पुढे, उजवीकडे मागे. अगदी आपल्या रेजिमेंटसारखं. कुणी काढलं?"

पुढचं थोडं मला आठवत नाही, कारण गावानं मला उचललं होतं आणि वरून सगळं वेगळंच दिसतं. एवढं दिसलं की सरपंच आणि बाबा एकमेकांच्या गळ्यात पडले होते, कारण दोघंही बरोबर होते, आणि असा प्रसंग आमच्या ग्रामपंचायतीत ना आधी आला ना नंतर. साहेबांनी खिशातून पुडी काढली. चणे आणि गूळ! ते त्यांनी रणगाड्याच्या नाकावर, बायांनी ठेवलेल्या पुरणपोळीच्या शेजारी ठेवले. पारावरचे टपटपवाले तोंड उघडं टाकून बघत होते. मग साहेब बाबांना म्हणाले, "दफेदार, वीस वर्षं त्या गाड्यावर होतात, डावीकडचा घोडा पुढे बघतो हे कधी दिसलं नाही?"

बाबा सावधान उभे राहिले. "साहेब, लोडर उजव्या बाजूनं चढते. डावी बाजू माह्या ड्यूटीत नव्हती."

साहेब आमच्याच घरी जेवले. पुरणपोळी, कढी, पाटोडीचा रस्सा, भजी. सहा पोळ्या खाल्ल्या. (माय म्हणते चार, पण त्या दिवशी तिचं लक्ष वाढण्यात होतं.) जेवताना बाबांनी घोड्याची गोष्ट सांगितली, नदी, धूर, पडलेला सवार, सगळं. आजवर कधी नव्हती अशी रंगली. दारात सरपंच रडले. ओसरीवर जमलेलं अर्धं गाव रडलं. मी तर रडण्याची अनुभवीच होते. साहेब मान खाली घालून पुरण निपटत होते, आणि बाबा त्यांच्याकडे असे बघत होते की आता मोठ्या माणसाच्या तोंडून एकदा हो आलं की झालं, मग पुन्हा जन्मात काही नको.

मायनं त्यांच्या पोळीवर तूप सोडलं, वाटी खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले.

"साहेब," ती म्हणाली, "पन मंग डाव्या बाजूनं समोर अन् उजव्या बाजूनं मांगं, असं काहून जी?"

साहेबांनी घास गिळला.

"रंगवायचा साचा एकच होता," ते म्हणाले.